गोंगाटात लिहिणारे माझे साडू

गोंगाट असल्याशिवाय ज्याला एक ओळसुद्धा लिहिता येत नाही असा लेखक साऱ्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बाकीचे लेखक पहाटेची निवांत वेळ शोधतात, नदीकाठ शोधतात, ज्यांना परवडतं ते थंड हवेच्या ठिकाणी जातात. आमच्या साडूंना शांततेत धड झोपही लागत नसे. त्यांची उमेदीची सगळी वर्षं सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या माग खात्यात गेलेली. शेकडो माग एकदम खडखडू लागले की त्यांच्या डोक्यात विचार सुरू व्हायचे आणि माग थांबले की विचारही थांबायचे. सुटीच्या दिवशी दुपारी शुक्रवार पेठेतली त्यांची गल्ली निजली, की हा माणूस हातात पेन घेऊन घरभर येरझाऱ्या घालायचा आणि शेवटी काकुळतीला येऊन बायकोला म्हणायचा, "आगं, कायतरी कुट की!" त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का बिचारी उखळ पुढे ओढून शेंगांची चटणी कुटायला बसायची आणि त्या ठेक्यावर गोष्ट पुढे सरकायची. ते ज्या वर्षी लेखक व्हायला निघाले, त्या वर्षी आमच्या घरी शेंगाचटणीचा डबा कधी रिकामा झाला नाही. चटणीवरून मला त्यांच्या लेखनाचा अंदाज यायचा. बारीक कुटलेली आली की समजावं, कथा रंगात आहे.

मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाचा आवाज कसा असेल, हे वेगळं सांगायला नको. ते शेजारच्या खोलीत बसून "मीठ दे" म्हणाले की पलीकडच्या घरातली म्हातारी मिठाची बरणी घेऊन यायची. कुजबुजणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. आमचे सासरे एकदा फार आजारी पडले, तेव्हा आम्ही दोघे जावई त्यांना बघायला अक्कलकोटला गेलो. खाटेपाशी उभं राहून साडू माझ्या कानाला लागले आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, म्हातारं काय आता जगत न्हाय." खाटेवरून सासऱ्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "जगतो की!" आणि नुसत्या ईर्षेवर ते पुढे कितीतरी वर्षं जगले. साडू मात्र अखेरपर्यंत सांगत राहिले, की म्हाताऱ्याला औषधानं नव्हे, आपल्या शब्दानं उठवलं.

पण ही झाली गिरणीबाहेरची गोष्ट. गिरणीच्या आत या आवाजाचाही काही उपयोग नसतो. तिथे कितीही ओरडलं तरी शेजारच्या मागावरच्या माणसाला ऐकू जात नाही. म्हणून माग खात्यातली माणसं हातांनी बोलतात. मिशीला पीळ दिला की समजायचं, मुकादम येतोय. करंगळी खाली सोडली की कांडी संपली, म्हणजे बाण्याचं सूत संपलं, नवीन द्या. मूठ तोंडाशी धरली की भोंगा. तळहात उताणा करून हळूच सरकवला की कापड साफ उतरतंय, काही खोट नाही. ही खुणांची भाषा साडूंनी घरीसुद्धा आणली होती. चार पोरी आणि बायको यांना ती मराठी-कानडीच्या बरोबरीनं यायची. पाहुणे बसलेले असताना चहात साखर घालायची की गूळ, हे या घरात हातांनीच ठरायचं. त्यांच्याकडे जाऊन येऊन मलाही ती थोडीफार कळू लागली होती.

छंद तर या माणसाला इतके, की नोकरी हा त्यांतलाच एक असावा असं वाटे. माळवदावर कबुतरं पाळलेली. दर सोमवारी भजनी मंडळात झांज, आणि ती अशी वाजवायचे की बुवांना अभंग सोडून त्यांच्याकडे बघत बसावं लागे. शिवाय रेडिओची दुरुस्ती. गल्लीतले बहुतेक रेडिओ त्यांनी उघडले होते. मिटवलेला एकही माझ्या पाहण्यात नाही. थंडीत हुरड्याला चला म्हणून साऱ्या नातेवाइकांना गोळा करायचे आणि शेतात पोचल्यावर आठवायचं, की ज्याचं शेत त्याला सांगायचं राहिलंच. हे सगळं करून पहिल्या पाळीला भोंग्याच्या आधी हजर. या गर्दीत लेखनाचा छंद शिरला, आणि त्याला कारण मी.

मी एका सरकारी कचेरीत कारकून. त्या सुमारास, म्हणजे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, माझ्या दोनतीन कथा छापून आल्या होत्या आणि नातेवाइकांत मी लेखक म्हणून ओळखला जाऊ लागलो होतो. लिहिताना मला मनात सदैव चोरटेपणा वाटायचा, तो अजूनही वाटतो. कचेरीत कथेतला एखादा प्रसंग सुचला की सरकारचा वेळ चोरतोय असं वाटे, घरी लिहायला बसलो की बायकामुलांचा. मी दार लावून घ्यायचो आणि बाहेर माझी बायको मुलांना दटावायची, "शू! बाबा लिहितायत." माझ्या धाकट्याला एकदा शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? तो म्हणाला, "दार लावतात." बाई हसल्या, बायको हसली, मीही हसलो, आणि नंतर कितीतरी दिवस दाराची कडी लावताना माझा हात अडखळायचा.

साडूंना असलं काही नव्हतं. माझी कथा छापलेली पाहून ते म्हणाले, "आरं तिच्यायला, ह्ये तर मलाबी जमंल की!" आणि त्याच संध्याकाळी घराच्या मधोमध फतकल मारून बसले. एका मांडीवर धाकटी पोर, उजव्या खांद्यावर कबुतर, समोर उखळ. दार सताड उघडं. लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणून बघायची सवय असल्यानं गल्लीतल्या बायका धुणं वाळत घालता घालता गोष्टीत सामील व्हायच्या. "त्या पोरीला मारू नका वो, आण्णा!" असा भिंतीपलीकडून निरोप यायचा. "बघतो, अजून ठरलं न्हाय!" असं हे इकडून ओरडायचे.

काही महिने हा थाट चालला आणि मग आक्कानं एक दिवस उखळ बाजूला सारलं. त्या वेळी मी तिथंच होतो. "साकु की आता!" ती म्हणाली. रागावली की तिच्या तोंडी माहेरची कानडी येते; साकु म्हणजे पुरे. "दाजी, तुमीच न्याय करा. चार पोरी हायत, थोरली लग्नाला आलीय. ह्यांच्या भावानं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे पॉवरलूम टाकलेत, संध्याकाळी येऊन बस म्हणतोय. दुसरं कुणी असतं तर पळत गेलं असतं. आणि ह्ये हितं मांडी घालून कुणाची लगनं लावाय बसलेत? कागदावरल्या पोरींची!"

साडूंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ह्या दिवाळीपर्यंत वेळ दे. दिवाळी अंकात माझं नाव आलं तर संध्याकाळ माझी. न्हाय आलं, तर पाडव्याला एमआयडीसी."

"शब्द?"

"शब्द."

आक्कानं उखळ पुन्हा पुढे ओढलं. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांत एकच विषय झाला: साडूंचं नाव दिवाळी अंकात येतंय की ते अक्कलकोट रोडला सायकल हाणत जातायत.

आमच्या ओळखीचे एक संपादक होते. जवळच त्यांचा छोटा छापखाना होता आणि दर दिवाळीला ते पदरमोड करून एक अंक काढायचे. साडूंची पहिली कथा घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. आठवड्यानं त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "कथा वाचली. गिरणीतला तरुण, कांड्या भरणारी मुलगी, ठीक आहे. पण तो मिशीला पीळ देतो आणि ती एकदम पळून जाते. का?"

"मिशी पिळली की वो!" साडू म्हणाले. "पळंल न्हाय तर काय करंल?"

"बरं. पुढे तो हवेत बोटं मोडल्यासारखं करतो आणि ती ढसाढसा रडते."

"धागा तुटला."

"कसला धागा?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला माणूस असं विचारतो याचं त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "आता ते बी सांगायचं?"

"अहो, कथेत कुणी एक शब्द बोलत नाही. तुमची माणसं मुकी आहेत का?"

"मुकी कशानं? पयल्यापासनं बोलायलीत की सारखी!"

संपादकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कथा परत दिली. माणूस सज्जन, म्हणून जाताना म्हणाले, "संवाद लिहून आणा. दसऱ्यापर्यंत वाट बघतो."

मग संवादांची शिकार सुरू झाली. पहिली पाळी सुटली की साडू एसटी स्टँडवर जाऊन बसायचे आणि जो कुणी बोलत असेल त्याच्या शेजारी सरकायचे. बार्शीच्या गाडीची वाट पाहणारं एक जोडपं आपसांत भांडत होतं, त्यांच्याकडे कान लावून हे बसले. बाई काहीतरी टोचून बोलली आणि गाडीच्या हॉर्नमध्ये तिचं शेवटचं वाक्य बुडालं. साडू पुढे झाले. "ताई, तेवढं शेवटचं परत म्हणा की. निसटलं." नवरा-बायको भांडण विसरून एकजुटीनं यांच्यावर उलटले. साडूंचं म्हणणं, मोडता मोडता राहिलेला एक संसार त्यांनी त्या दिवशी सावरला. एका हॉटेलात ते सारखे कान देऊन बसतात म्हणून मालकानं त्यांना साध्या वेशातला पोलीस समजून चार दिवस फुकट भजी खाऊ घातली, आणि गिरणीतला माणूस आहे हे कळल्यावर गल्ल्यावरून उठून हाकलून लावलं.

शेवटी त्यांनी आक्कालाच नायिका केलं. ती भाकरी थापायची आणि हे समोर बसून विचारायचे, "आता त्यो म्हणतो, माझ्यासंगं लगीन करशील? तू काय म्हणशील?"

"घर भाड्याचं हाय का सोताचं, ते विचारीन."

"आगं, माझी नायिका लाजते!"

"लाजून प्वाट भरतंय व्हय? लिवा गुमान. आन् सासू कशी हाय तेबी विचारा म्हणावं."

हे संवाद खरोखर झकास होते, पण ते त्या कथेत बसेनात. नायिका पान उलटलं की लाजायची आणि मध्येच घरभाड्याची चौकशी करायची. त्यांच्या तोंडावर "जमलं नाही" म्हणायचं माझ्यात धैर्य नव्हतं आणि "छान" म्हणणं म्हणजे त्यांच्या संध्याकाळी बुडवणं. मी म्हणालो, "सुधारणा आहे." हा शब्द आमच्या कचेरीतून आलेला, त्याचा अर्थ काही होत नाही. साडूंनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. गणपती गेले, पितृपंधरवडा लागायला आला. आक्का काही बोलत नव्हती, पण चटणी जाडीभरडी येऊ लागली.

अशात थोरलीला बघायला अकलूजचे पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्याच्या कचेरीत. वडिलांचं अकलूजच्या पेठेत कापडाचं दुकान. घरातला शिकलेला माणूस म्हणून बैठकीला मी हवाच होतो. मुलगा शांत, दिसायला बरा, त्याची आई जरा कडक. वडील मात्र गादीवर टेकल्यापासून बोलत सुटले. आमची पिढीजात पेढी, आमच्या आजोबांनी संस्थानिकांना कापड पुरवलं, आमच्या घराण्यात कापड विकलं जातं, आमचा कुणी कधी मागाला हात लावलेला नाही. जिथं मुलीचा बाप मागावर काम करतो तिथं हे बोलणं मला फार लागलं. साडू पाहुण्यांच्या मागे भिंतीशी उभे होते. समोर स्वयंपाकघराच्या दारात आक्का. साडूंनी पाहुण्यांच्या डोक्यावरून मूठ तोंडाशी धरली. म्हणजे, हा नुसता भोंगा आहे.

आक्कानं पदर सावरल्यासारखं करत विचारलं, आणि मुलगा?

साडूंचा तळहात उताणा होऊन हळूच सरकला. कापड साफ आहे.

आक्कानं खोकल्याचं निमित्त करून आपली मूठ तोंडाशी नेली आणि दोन्ही हात पसरले. मग भोंग्याचं काय करायचं?

साडूंनी कानांत बोटं घालून दाखवली. दुर्लक्ष कर.

मला हसू आवरेना, म्हणून मी पोह्यांच्या बशीत मान घातली. एवढ्यात, पिढीजात पेढीची हकिगत एका क्षणाला थांबली. मुलाच्या वडिलांनी आपली रिकामी बशी सतरंजीवर ठेवली, आक्काकडे पाहिलं आणि उजव्या हाताची करंगळी शांतपणे खाली सोडली.

कांडी संपली.

आक्का सवयीनं आत गेली, पातेलं घेऊन आली, त्यांच्या बशीत पोहे वाढले, वर शेव भुरभुरली आणि परत दारात जाऊन उभी राहिली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिचा हात तोंडावर गेला. भिंतीशी साडू पांढरे पडले होते. पाहुण्यांनी सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांनी बायकोमुलाच्या नकळत, म्हणजे आम्हाला वाटलं तसं नकळत, मिशीला पीळ दिला, डोळ्यांनी आपल्या कडक बायकोकडे खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं. माग खातं त्यांनीही पाहिलेलं होतं. नुसतं पाहिलेलं नव्हे, त्यात चांगली काही वर्षं गेली असणार. पण ते घरी सांगितलेलं नव्हतं आणि आता सांगू नका, अशी ती विनवणी होती.

साडूंनी मान लववली. पाहुण्यांचा तळहात उताणा झाला आणि हळूच सरकला. मग त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मुलगी आम्हाला पसंत आहे."

त्याच संध्याकाळी साडू माझ्याकडे आले आणि मी तिथं नव्हतोच अशा थाटात सगळी हकिगत मला सांगू लागले. हातांनी काय म्हटलं आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही एका दमात. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की संपादकांना जे हवं होतं ते हेच. मी म्हणालो, "साडूभाऊ, हे असंच्या असं लिहा. नायिका नको, लाजणं नको. हेच."

"ह्ये? ह्यात गोष्ट कुटं हाय?"

"तुम्ही लिहा तर."

त्यांनी लिहिलं. गिरणीतून आल्यावर, आक्काच्या उखळाशी, कबुतरांच्या घुमण्यात, पोरींच्या परवच्यात. ओळ अडली की थोरली दारात उभी राहून आईची खूण करून दाखवायची, धाकटी पाहुणा व्हायची आणि करंगळी सोडून खरोखरच पोहे मागायची. एकदा आक्का भांडायला उभी राहिली, की मी तेव्हा पदर सावरला नव्हता, कपाळ पुसलं होतं, आणि साडूंनी ते मुकाट्यानं बदललं. मी हे सगळं दारात उभा राहून बघत होतो. माझ्या एकाही कथेतली एकही ओळ माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही, हे तिथं उभं राहून मला फार स्पष्ट दिसलं.

संपादकांनी कथा माझ्यासमोर वाचली. मध्येच उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. "अंकात पहिली घेतो," ते म्हणाले. मी सायकल हाणत गिरणीच्या फाटकावर गेलो आणि पाळी सुटताच साडूंना सांगितलं. त्यांनी तिथंच, आजूबाजूच्या गर्दीत, मला उचललं. आक्कानं त्या दिवशी पुरण घातलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "थोरलीचं ठरलं म्हणून." पण ते तर आधीच ठरलं होतं.

दसरा झाला. दिवाळीनंतर साखरपुड्याची तारीख धरली. आणि एके सकाळी साडू पाळी चुकवून माझ्या दारात उभे राहिले. पाळी चुकवणं ही गोष्ट त्यांनी भजनासाठीही केली नव्हती. "साडूभाऊ, गोष्ट परत आणाय जायाचं हाय. चला."

मी कारण विचारलं.

"काल मागावर हुबा होतो, तवा मनात आलं. आमच्या घरी अकलूजचे पाव्हणे आले, हे सगळ्या पेठेला ठावं हाय. ह्ये छापलं की उद्या अंक अकलूजला जातोय. त्या माणसानं हात जोडल्यागत इनवलं हुतं. थोरलीनं त्या घरात कसं नांदायचं?"

मी म्हणालो, गाव बदलू, दुकान बदलू, पोह्यांऐवजी शिरा करू.

"समदं बदललं तर ऱ्हातंय काय?" ते म्हणाले. आक्काला विचारलं का, असं मी म्हटलं. "ती म्हणती, छापा. लईच वाटलं तर मुदत मी वाढवून देते म्हणती." ते हसले. "शब्द कुणी दिला हुता, तिनं का मी?"

छापखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या कथेचा मजकूर जुळवून झाला होता. शिशाचे खिळे ओळीओळींनी दोऱ्यात घट्ट बांधून ठेवलेले. संपादक आधी चिडले, मग समजावू लागले, मग साडूंचा चेहरा बघून त्यांनी हात टेकले. अडचण त्यांचीही खरी होती. पहिलीच पानं रिकामी पडत होती. साडू म्हणाले, "आमच्या साडूभाऊंचं घ्या की! ह्ये तर खरे लेखक." मी नको म्हणालो. खरंच म्हणालो. पण माझ्याजवळ एक तयार कथा होती हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती आणायला त्यांनी मला जवळजवळ ढकलून घरी पाठवलं. मी गेलो. आणली. ती घेऊन परत येताना माझ्या पायांना जी घाई झाली होती तिची मला आजही लाज वाटते.

परत आलो तेव्हा जुळारी साडूंच्या कथेचा दोरा सोडून खिळे आपापल्या घरात टाकत होता. साडू त्याच्या शेजारी उभे राहून बघत होते. आक्काचं पुसलेलं कपाळ, पाहुण्यांची बशी, उताणा तळहात, सगळं सुटं होऊन टिकटिक करत खणांत पडत होतं. जुळारी म्हणाला, "आण्णा, बसा की, कशाला ताटकळता?" साडू म्हणाले, "चालू द्या. मला उभ्याचीच सवय हाय." शेवटची ओळ सुटेपर्यंत ते हलले नाहीत. मग त्याच खिळ्यांतून माझी कथा जुळू लागली.

पाडव्याला, ठरल्याप्रमाणे, ते अक्कलकोट रोडला गेले. जाताना माझ्याकडून अंक घेऊन गेले. तिथल्या प्रत्येक कामगाराला त्यांनी पहिलं पान दाखवलं. "आमच्या साडूची!" घरी गल्लीला ऐकू जाईल अशी सगळी वाचून दाखवली. आक्का ऐकून म्हणाली, "बरी हाय. पर ह्यातली माणसं लईच बोलत्यात, दाजी." इतकी अचूक समीक्षा माझ्या वाट्याला नंतर आली नाही.

थोरलीचं लग्न झालं. दोनेक वर्षांनी तिच्या मुलाच्या बारशाला आम्ही अकलूजला गेलो. जेवणं उरकून पुरुषमंडळी ओसरीवर बसली होती, तेव्हा व्याह्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतःच सुरुवात केली. गिरणी, माग, आमची ती बैठक, पोहे. सगळं. साडू त्यांचा हात दाबून थांबवायला बघत होते, तर जावईच हसून म्हणाला, "अहो मामा, आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. अप्पा झोपेत हात हलवतात. आई तर स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून जाणून आहे." कडक विहीणबाई आतून म्हणाल्या, "मला वाटलं, ह्यांना सांगायचं नसेल, तर आपण कशाला बोला."

व्याही ओशाळले, मग खदखदा हसले. त्यांना मी साडूंच्या कथेची हकिगत सांगितली. ते हसायचे थांबले. "अवो, छापायची की!" ते म्हणाले. "मी चार अंक घेऊन दुकानात ठेवले असते." मग साडूंकडे वळून, "आता लिवा. आता काय हरकत हाय?"

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. उसाचे फड मागे पडले, ज्वारीची रानं लागली. मी म्हणालो, "मग? बसताय ना लिहायला?"

"बसून बगितलं हुतं. गेल्या साली एकदा," ते म्हणाले. "न्हाय येत आता तशी. तुमच्या आक्कानं कपाळ पुसलं का पदर घेतला, ह्येच आठवंना. तिलाबी आठवंना." मग म्हणाले, "तुमीच लिवा कवातरी. नाव नका घालू म्हंजे झालं." आणि मग बऱ्याच वेळानं, मोहोळ मागे पडल्यावर, "साडूभाऊ, खरं सांगा. बरी हुती का वो ती? का संपादक आपलं मन राखायला म्हणाले?"

"माझी छापून आली तिच्यापेक्षा पुष्कळ बरी होती," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात कोणत्याही लेखनाबद्दल मी इतकं खरं बोललो नव्हतो.

"मग झालं तर," साडू म्हणाले. त्यांनी पिशवीतून बारशाच्या घुगऱ्यांची पुडी काढली, अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या, आणि खात खात ते उरलेल्या वाटेत येणाऱ्या थंडीतल्या हुरड्याचा बेत करत राहिले. या खेपेला शेतवाल्याला आधी कळवायचं, असं ते मला दोनदा बजावून म्हणाले. मी हो हो म्हणत होतो. घुगऱ्या गोड होत्या, आणि मी माझ्या वाट्याच्या एकेक करून परत त्यांच्या पुडीत टाकत होतो.